सावडलेलं सोनं

उजाड, रेताड डोंगरातली सोन्याची खाण केव्हाच बंद पडली होती. खाणीच्या तोंडाशी अनुसया तिथेच राबलेल्या आपल्या वडिलांची, आप्पांची, राख सावडायला बसली, तर कंपनीचा साहेब सूप घेऊन हजर.

“आम्ही खाणीत सोडलेले जंतू वाळूतलं सोनं गोळा करायचे. श्वासातून आत जाऊन यांच्या छातीतल्या धुळीतलंही त्यांनी गोळा केलंय. पाखडा, बाई. त्याशिवाय अस्थी नेता येणार नाहीत.”

इथे सोनं धुवून काढायला पाणी नव्हतं. म्हणून ते पाखडून काढायला तिला आप्पांनीच शिकवलं होतं. राख उडाली, सुपात मूठभर पिवळे कण उरले. परवा आप्पांच्या तोंडात ठेवायला घरात कणभर सोनं नव्हतं.

साहेबाने डबी भरली. “जंतू कंपनीचे, म्हणजे सोनंही कंपनीचं.”

“आणि खोकला, साहेब?” अनुसयाने विचारलं. “तो इतकी वर्षं कुणाचा होता?”