करंगळी

सोन्याच्या खाणीवरची आमची चिनी वस्ती गोऱ्यांनी पेटवली, त्याला सात वर्षं झाली. तेव्हा मेलेल्या पाच जणांची हाडं उकरून चीनला, आपापल्या गावी न्यायला आज आमच्यातलाच एक माणूस आला. हाडं मोजता मोजता तो थांबला.

"काका, येउंगच्या करंगळीचं एक हाड कमी आहे. अर्धवट नेला तर त्याचा आत्मा इथंच भटकेल."

"नीट चाळ ना माती! डोळे फुटले का तुझे?"

दुपारभर चाळून तो दमला. मग हळूच म्हणाला, "काका, मूठ उघडा."

"या कॅलिफोर्नियात मला सगळे 'ए शेंडीवाल्या' म्हणतात रे," मी म्हणालो. "नावानं हाक मारणारा येउंग शेवटचा होता."