मोजणीचा दोर

सत्तर साली समाजवाद्यांनी भूमिहीनांसाठी चळवळ उभारली, तेव्हा शिरूरजवळच्या इनामदाराच्या पडीक रानात पहिला झेंडा बन्सीनं रोवला. जमिनीचे वाटे मोजायला त्यानं अंबाडीचा दोरही स्वतःच्या हातानं वळला होता. लाठ्या बसल्या, तुरुंग झाला, जमीन काही मिळाली नाही. तरी बन्सीनं तो दोर आढ्याला जपून टांगून ठेवला.

सत्त्याहत्तरला समाजवादी नव्या पक्षात मिसळले आणि तो पक्ष दिल्लीत सत्तेवर आला. चळवळीतला जुना साथी बाळासो मग निरोप घेऊन घरी आला. "मामा, उद्या त्याच रानात आपली सभा हाय. आपल्या समद्यास्नी घिऊन या."

"मंग दोर आणू का?" बन्सीचे डोळे चमकले.

बाळासो घाईत होता. "आणा की!"

दुसऱ्या दिवशी मांडवात नव्या पक्षाचा विधानसभेचा उमेदवार म्हणून गळ्यात हार घालून बसला होता तो इनामदारच. खांद्यावर दोर घेऊन बन्सी बघतच राहिला.

 

बाळासोनं तो दोर उतरवून घेतला, स्टेजपुढं आडवा ताणून बांधला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या लोकास्नी दोराच्या पल्याड बसवा."