शिफारसपत्र

मुलाखत रंगात आली होती. भाताचं पान बुरशीने कसं करपतं, हे शलाका समितीला फळ्यावर आकृती काढून समजावत होती. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, ही जागा आपलीच, असं तिला वाटू लागलं होतं.

तेवढ्यात अध्यक्ष मुळगावकर बाईंनी एक कागद उचलला. "काम एवढं चांगलं, आणि तुमच्या पीएचडीच्या सरांनी शिफारसपत्रात लिहिलंय, 'मेहनती आहे. सांगितलेलं वेळेवर करते.' सहा वर्षांत त्यांना एवढंच दिसलं?"

शलाकाने खडू खाली ठेवला. "पत्र तूच लिहून आण, मी सही करतो," सर म्हणाले होते. स्वतःचं कौतुक करायची तिला लाज वाटली होती. त्याच पत्रासोबत तिचे अकरा अर्ज गेले होते आणि अकराही ठिकाणांहून नकार आला होता.

"मॅडम, ते मीच लिहिलंय," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सरांना स्वतः लिहायला सांगा. शुक्रवारपर्यंत थांबतो आम्ही."

बाहेर येऊन तिने सरांना फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं.

"मी वाचलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "ये लगेच. तुझ्यासमोर बसून लिहितो."