नाजूक रक्त

तुरसुनबाबांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि इल्होमला सरळच विचारलं, "बायकोवर हात उचलतोस?"

मर्गिलानच्या त्या मोहल्ल्यात बाबा सगळ्यांत वडीलधारे. त्यांचा शब्द खाली पडत नसे. इल्होमची आई शराफत शेजारीच बसली होती. लाजेनं तिला मान वर करवेना. आदल्या दिवशी नवी सून नफीसा पाहुण्यांना चहा द्यायला वाकली, बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे डाग चारचौघींनी पाहिले. झालं, गावभर बोभाटा.

इल्होमनं पुढ्यात अंथरलेल्या दस्तरखानावरची नान दोन्ही हातांत उचलली. "या अन्नाची शपथ, मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग डाग कुणाचे?"

त्यानं नान परत जागेवर ठेवली. नफीसाला विचारलं तर म्हणे, धडपडले. आता रोज रोज कोण धडपडतं हो?

त्या दिवसापासून बाजारात इल्होमशी कुणी धड बोलेना. तो खाली मान घालून जायचा-यायचा, आणि ते बघून शराफतच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. पुढे सुनेच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मात्र तीच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. प्लेटलेट अवघ्या तीस हजार निघाल्या. म्हणून रक्त लवकर थांबत नाही, त्या म्हणाल्या. साधा धक्का लागला तरी कातडीखाली साकळतं.

शराफतला तिथंच रडू फुटलं. मग काय, दारोदार सांगत सुटली, माझा लेक निर्दोष, सुनेचं रक्तच नाजूक. तुरसुनबाबांनी चारचौघांत इल्होमची माफी मागितली. तरी इल्होमची मान खालीच, आणि शराफतलाही त्याच्याकडे बघवेना. मेली लाज अशीच चिवट असते.

तीन महिने औषधं झाली. फेरतपासणीला तिघंही गेली.

"दोन लाखांवर गेल्या," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "आता नुसत्या धक्क्यानं डाग पडायचे नाहीत."

बाहेर आल्यावर नफीसा पुढे चालू लागली. इल्होम आईसाठी थांबला. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "यापुढे तिच्या अंगावर एक जरी डाग दिसला, तर तुरसुनबाबांना मी तुझं नाव सांगेन."