दात काढणारा हिरो

पुलावरून लोंबकळणाऱ्या बसमधली माणसं बाहेर ओढता ओढता पडद्यावरच्या सुपरहिरोने एक विनोद केला, आणि पनवेलच्या त्या भरलेल्या थिएटरात दीपेश एकटाच खो खो हसला.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत पुढच्या काकांनी त्याला धरलंच. "हसायला काय झालं एवढं? माणसं मरणाच्या दारात, आणि हा शहाणा दात काढतोय! सुपरहिरो कसा गंभीर हवा. खरोखर जीव वाचवणारा माणूस असले पाचकळ विनोद करेल का?"

"करतो ना. दर टायमाला करतो," दीपेश म्हणाला.

"तुला काय माहीत रे?" काकांनी हातातली काठी फरशीवर आपटली. रांगेतल्या दोघातिघांनी काकांच्या बाजूने माना डोलावल्या.

दीपेशला अग्निशमन दलात आठ वर्षं झाली होती, पण ते काही त्याने सांगितलं नाही. तो त्या काठीकडे आणि मग काकांच्या कपाळावरच्या लांबलचक व्रणाकडे बघत राहिला. ओळख पटली, तसा तो एक पाऊल पुढेच सरकला.

 

"हायवेवर तुमची चेपलेली गाडी कापत होतो, तवा तुमचे डोळे मिटाय लागलेले. मीच हेल्मेटातून वरडलो, 'काका, पनवेल आला, उतराचा नाय काय?' तवा कसे हसलात?"