दारातली झाडं

"मेली?" सुभद्राने हातातली झारी खाली ठेवली. "कोरांटी? आणि ह्या पावसात?"

"हो. मेली," परुळेकर म्हणाले आणि चपलेच्या टोकाकडे बघत राहिले.

कोरांटी मारायची तर माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. गुरं तिच्या काट्यांना तोंड लावत नाहीत आणि पाणी मिळालं नाही तरी ती कुरकुर करत नाही. पण सिंधुदुर्गनगरीच्या कचेरीतल्या या सत्तावन्न वर्षांच्या कारकुनाने तीही मारून दाखवली होती.

जूनच्या पहिल्या शनिवारी ते शिरोड्याला सुभद्राच्या नर्सरीत पहिल्यांदा आले. बोलणं कचेरीतलं, शुद्ध. "दारात लावायला फुलझाड हवं आहे. फार देखभाल नको. मी एकटाच असतो."

दारात म्हणजे अंगणात, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने जास्वंद दिली. पुढच्या शनिवारी ते परत हजर. जास्वंद मेली होती. मग तगर दिली, तीही मेली. कण्हेर, अबोली, पिटकुळी, एकामागून एक सगळी गेली. कोरांटी अकरावी.

तसा माणूस वाईट नव्हता. पाऊस आला की छत्री रोपावर धरायचा आणि स्वतः भिजत स्टँडवर जायचा. प्रश्नही किती विचारायचा! मागच्या खेपेला विचारत होता, पिटकुळीला मुंग्या लागल्या तर काय करायचं? पिटकुळी जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. सुभद्राला त्याची कीव आली. बिचाऱ्याला कुठलं झाड मेलं हेसुद्धा आठवत नव्हतं.

शनिवारी ती जरा बरी साडी नेसायची, हे खरं. पण शनिवारी गिऱ्हाईक जास्त असतं.

"परुळेकरानू, खरा सांगा," ती आज म्हणाली. "पाणी तुंबता काय थंय? माती कशी आसा?"

"माती चांगली आहे. तुमचा काही दोष नाही."

नेमका हाच शब्द तिच्या जिव्हारी लागला.

नर्सरी भाईंची, तिच्या नवऱ्याची. त्यांच्या हाताला गुण होता. त्यांनी वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं गाव म्हणायचं. भाई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक पिशवीला सुंभाची गाठ मारताना तिच्या मनात एकच धाकधूक असे, की आपल्या हाताला तो गुण आहे का? मुंबईहून मुलगा, मितेश, दर आठवड्याला फोन करी. "आये, बंद कर ता आता. हय येवन ऱ्हव." ती म्हणायची, चतुर्थीक सांगतंय. चतुर्थी आठ दिवसांवर आली होती.

"आज झाड देवचंय नाय," ती म्हणाली. "माझ्या हातातच काय नाय रवला. उगाच कशाक झाडाचो जीव घेवचो?"

परुळेकरांचा चेहरा उतरला. काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण "बरं, येतो" एवढंच म्हणून ते निघाले. छत्री मिटलेलीच होती. बाहेर पाऊस पडत होता.

ते गेल्यावर सुभद्रा माडाखाली बसून रडली. कोरांटीसाठी रडणारी शिरोड्यातली ती पहिलीच बाई असावी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने भाईंनी लावलेल्या जुन्या तगरीपासून केलेलं एक रोप काढलं. पिशवीला गाठ मारली. हे आपल्या हाताने परुळेकरांच्या अंगणात लावायचं, माती बघायची, पाणी बघायचं. ते अंगणच वाईट निघालं तर ठीक. माती चांगली निघाली, तर मात्र मितेशला चतुर्थीची वाट बघायला लावायची नाही. आजच फोन करून नर्सरी बंद म्हणून सांगायचं.

परुळेकरांनी तिच्या वहीत पत्ता लिहून ठेवला होता. नवीन काही आलं तर कळवा म्हणून. कुडाळला गाडी बदलून ती ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीलाच, उतरली आणि विचारत विचारत सरकारी क्वार्टर्सपाशी पोचली. तीन मजली इमारत. पुढे डांबर, मागे डांबर. अंगण कुठे दिसेना.

तळमजल्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

"परुळेकर खंय ऱ्हवतत गो?"

"वर," बाई सुपातून नजर न काढता म्हणाली. "फुलां संपतत थंय त्यांचा दार."

पहिल्याच पायरीवर कडेला जास्वंद होती. तीन फुलं आणि पाच कळ्या. त्यावरच्या पायरीवर तगर, मग कण्हेर. प्रत्येक पिशवी तशीच्या तशी डब्यात उतरवलेली, आणि प्रत्येकीला सुंभाची तिचीच गाठ. सुभद्रा एका हाताने कठडा धरून मोजत चढत होती. अबोली केशरी होऊन बहरली होती. पिटकुळीच्या बुंध्याशी हळद टाकली होती. मुंग्यांसाठी तिनेच सांगितलेली. नऊ. दहा.

वरच्या मजल्यावर, दाराला अगदी टेकून, कोरांटी पिवळीधमक उभी होती. तिला तांब्याने पाणी घालत परुळेकर बनियनवर उकिडवे बसले होते.

त्यांनी वर पाहिलं. तांब्या कलंडला आणि पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं.

"एकूय मराक नाय?" सुभद्राने विचारलं. "अकराच्या अकरा जगली?"

परुळेकरांनी तिच्या हातातली तगर पाहिली, मग तिचे भरलेले डोळे. तीन महिन्यांत त्यांची शुद्ध भाषा पहिल्यांदा कुठेतरी हरवली.

"जगली म्हणान सांगलंय," ते म्हणाले, "तर पुढच्या शनवारी मी येवचा कशाक?"