गुलाबी वायसर

हे गेल्यापासून स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी नुसती बघत बसायचे. रडूही आलं नाही. शेवटी सुनेने प्लंबर बोलावला. त्याने नळ खोलून गुलाबी चकती ओट्यावर ठेवली. "आजी, चपलेचं रबर कापून वायसर केलाय कुणीतरी!" चप्पल माझीच. नवीकोरी होती आणि एका सकाळी टाचेला गोल भोक दिसलं. सुनेनेच वाट लावली असं धरून मी सहा वर्षं तिला येता-जाता टोचून बोलले. हे शेजारी बसून मुकाट जेवायचे. "म्हणजे ह्यांचे उद्योग?" मी म्हणाले. सून भांडी पुसत राहिली. "मला ठाऊक होतं, आई. बाबांनी हात जोडले होते. म्हणाले, 'तिला कळलं तर माझं काही खरं नाही.'" प्लंबरने मान खाली घातली. "एवढी भीती वाटायची माझी?" "मला अजून वाटते," ती म्हणाली. मी म्हणाले, "बरं."